पडद्याविना विंडोज सर्व्हर: आपल्या मशीनवरून पॉवरशेलने कसा सांभाळावा

विंडोज सर्व्हरच्या 'सर्व्हर कोअर' प्रकारात स्टार्ट मेनू नाही, डेस्कटॉपही नाही. २००८ पासून तो मिळतोय, तरी कित्येक जण अजून रिमोट डेस्कटॉपने आत शिरून काळ्या खिडकीत कमांड बडवत बसतात. खरं तर पॉवरशेल या विंडोजच्या कमांड चालवायच्या साधनाच्या २००९ मधल्या २.० आवृत्तीपासून आपल्याच खुर्चीवरून कमांड तिकडे पाठवता येते. (खालच्या कमांड वाचायला सोप्या म्हणून देवनागरीत दिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

आधी वाट मोकळी आहे का ते बघा. 'टेस्ट-डब्ल्यूएसमॅन' आणि पुढे सर्व्हरचं नाव, एवढं पुरतं. सर्व्हर २०१२ पासून रिमोटिंग (दुरून कमांड घेण्याची सोय) आधीच चालू असतं; त्याहून जुन्यावर एकदा 'एनेबल-पीएसरिमोटिंग' चालवा. उत्तर आलं नाही तर फायरवॉलमध्ये ५९८५ हा पोर्ट तपासा, एचटीटीपीएस वापरत असाल तर ५९८६. डोमेनमध्ये (सगळ्या मशीन आणि खात्यांची ओळख एकाच ठिकाणी सांभाळणारं जाळं) कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीमुळे ५९८५ वरचा मजकूरही एन्क्रिप्ट होऊनच जातो, त्यामुळे उगाच घाबरू नका. डोमेन नसेल तर एचटीटीपीएस उत्तम. ते जमत नसेल तर 'ट्रस्टेडहोस्ट्स' या भरवशाच्या मशीनच्या यादीत सर्व्हरचं नाव घाला. ही यादी सर्व्हरवर नाही, तुमच्या मशीनवर असते. तिथे तारांकन टाकून मोकळं होणं म्हणजे ओळख न पटवता कुणाच्याही हाती आपली लॉगिन माहिती देणं.

मग 'एंटर-पीएससेशन -कॉम्प्युटरनेम' देऊन एका सर्व्हरवर जा. प्रॉम्प्टच्या आधी चौकटी कंसात त्याचं नाव दिसेल. प्रत्येक एंटरआधी त्या कंसाकडे नजर टाका, आणि काम झालं की 'एक्झिट'.

रोजचं काम मात्र 'इन्व्होक-कमांड'चं. कॉम्प्युटरनेमपुढे स्वल्पविराम देत नावं लिहा, महिरपी कंसात कमांड. एका वेळी ३२ सर्व्हरपर्यंत ती समांतर चालते आणि उत्तरात कुठली ओळ कुणाची तेही कळतं. सुरुवात 'गेट-सर्व्हिस'सारख्या नुसत्या बघायच्या कमांडने करा. परत येते ती माहितीची प्रत असते. तिच्यावर 'स्टॉप' ही मेथड चालणार नाही; सर्व्हिस थांबवायची तर कंसाच्या आतच थांबवा.

खरी गोम व्हेरिएबलमध्ये आहे. तुमच्याकडचं 'डॉलर फोल्डर' सर्व्हरला माहीत नसतं. 'डॉलर युझिंग कोलन फोल्डर' असं लिहिलं तरच ते पोचतं. विसरलात तर एररही येत नाही, किंमत रिकामी राहते. आता 'रिमूव्ह-आयटम'पुढे फोल्डर, बॅकस्लॅश, तारांकन अशी ओळ असेल, तर उरतं नुसतं बॅकस्लॅश-तारांकन, म्हणजे चालू ड्राइव्हचं मूळ! म्हणून पुसणारी कोणतीही कमांड आधी 'व्हॉटइफ' (खरं न पुसता काय होईल तेवढं दाखवणारा पर्याय) लावून एकाच सर्व्हरवर चालवा.

सर्व्हरवरून तिसऱ्या मशीनच्या शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल वाचायला गेलात की हक्क असूनही 'ॲक्सेस डिनाइड' येतं, कारण तुमची ओळख सहसा दुसऱ्या उडीपर्यंत, म्हणजे सर्व्हरवरून पुढच्या मशीनपर्यंत, जात नाही. तिथे सुरक्षेची सेटिंग सैल करण्यापेक्षा पॉवरशेल ५ मधलं 'कॉपी-आयटम -टूसेशन' वापरून फाइल आपल्याकडून पाठवून द्या.

आयपी पत्ता मात्र या मार्गाने बदलू नका, बसलेली फांदीच तुटते. त्यासाठी कन्सोलवरचा 'एसकॉन्फिग' मेनू बरा. रीस्टार्ट करायचं तर 'रीस्टार्ट-कॉम्प्युटर'ला '-वेट -फॉर पॉवरशेल' जोडा. सर्व्हर पुन्हा कमांड घ्यायला तयार झाला, की मगच स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर जाते.