लेझरला जाताय? आधी दोरा लांब ठेवा

पुढच्या शनिवारी हनुवटीवरचे केस लेझरने काढायचं माझं चौथं सिटिंग आहे आणि धाकट्या जावेचं पहिलं. तिला फोनवर तीनदा सांगून झालंय, आता लिहूनच टाकते म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल. माझं दुसरं सिटिंग फुकट गेलंय, त्यामुळे जरा चिडून लिहिलं जाईल, चालवून घ्या.

सगळ्यात आधी, जिथे लेझर करायचंय तिथलं थ्रेडिंग बंद. वॅक्स बंद, प्लकर बंद, एपिलेटर बंद, कमीत कमी ४ आठवडे, ६ झाले तर उत्तम. "माहितीये गं" म्हणू नका, मलाही माहीत होतं. झालं काय, गुरुवारी दादरला सिटिंग आणि त्याच्या आधीच्या रविवारी बोरिवलीला नेहमीच्या पार्लरमध्ये मी फक्त भुवया करायला बसले. डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी कपाळ ताणून धरलेलं, ताई दोरा दातात धरूनच म्हणाली, "अप्परलिप, चिन पण करून टाकू ना?" आणि मी "हं" म्हणाले. झालं! गुरुवारी डॉक्टरांनी भिंग लावून हनुवटी बघितली, एकदा बोट फिरवलं आणि लेझरचा हँडपीस परत स्टँडला अडकवला. "मुळंच नाहीत, मारू कशावर?" पॅकेजमधलं एक सिटिंग कापलं गेलं ते वेगळंच, कारण म्हणे आदल्या दिवशी कळवायचं असतं.

तर आता हे का ते नीट समजून घ्या म्हणजे तोंडातून "हं" निघणार नाही. लेझर वरून केस जाळत नाही, तो प्रकाश असतो. केसातलं मेलॅनिन, म्हणजे त्याचा काळा रंग, तो प्रकाश शोषून घेतं, गरम होतं आणि ती उष्णता खाली मुळाशी पोचून केस जिथून तयार होतो ती जागा निकामी करते. केस म्हणजे समईतली वात समजा. दोऱ्याने आपण ती वातच उपटून आणतो, मग पेटणार काय? परत यायला काही आठवडे लागतात. त्यातून सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, काही चक्क झोपलेले असतात आणि लेझर वाढत्या केसांवरच नीट चालतो, म्हणूनच ६ ते ८ सिटिंग लागतात, चेहऱ्याला साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने, हातापायांना त्याहून जास्त. एका "हं"मध्ये हे सगळं गणित मागे जातं.

मग मधल्या दिवसांत करायचं काय? रेझर. हो, चेहऱ्याला पण. आई म्हणेल दाढी येईल, राठ होतील. काही होत नाही, रेझर वरच्यावर कापतो, टोक बोथट झाल्यामुळे हाताला खरखरीत लागतं एवढंच. मूळ जागेवर राहतं आणि तेच तर हवंय आपल्याला. सिटिंगच्या आदल्या दिवशी शेव्ह करूनच जा, वर केस राहिले तर ते तिथेच करपतात आणि कातडीला चटका बसतो. आणि पर्समधला प्लकर आत्ता उठून काढून ठेवा. ट्रेनमध्ये सीट मिळाली की आरसा काढून दोन केस उपटायची सवय मला होती, मीच सांगते. ब्लीच पण नको, केसाचा काळा रंगच घालवला तर लेझर शोधणार काय.

दुसरं, टॅन. कातडीतही मेलॅनिनच असतं ना, त्यामुळे उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्यावर लेझर केसाऐवजी कातडीलाच तापवतो, फोड येतात, डाग राहतात. सकाळी बोरिवलीहून दादरला जाताना ऊन डावीकडच्या खिडकीतून येतं आणि गंमत म्हणजे संध्याकाळी परत येतानाही डावीकडूनच, माझा डावा गाल उगीच जास्त काळा नाहीये. तेव्हा उजवीकडे बसा, नाहीतर ओढणी घ्या, आणि रोज सनस्क्रीन, किमान एसपीएफ ३०. पावसाळ्यातसुद्धा, ढगातून पण येतं ते. अलिबागची ट्रिप सिटिंगच्या आसपास ठेवू नका.

मशीन कुठलं आहे ते विचारायला लाजू नका. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला साधारण ८१० नॅनोमीटरचा (हा आकडा प्रकाशाच्या तरंगलांबीचा) डायोड लेझर किंवा १०६४चा एनडी-याग बरा, १०६४चा प्रकाश कातडीच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो आणि खोल जातो. ७५५चा अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला जास्त मानवतो. आधी पॅच टेस्ट, म्हणजे थोड्याशा जागेवर मारून बघणं, ती करून घ्या. पांढऱ्या केसांवर यातलं काहीच चालत नाही, तेव्हा सगळे पिकायची वाट बघत बसू नका.

डॉक्टरांना सगळं खरं सांगा: मुरमांच्या गोळ्या, अँटिबायोटिक, रेटिनॉल क्रीम, ओठांवर तापाचे फोड (हर्पीस) येत असतील तर ते, दिवस गेले असतील तर ते. पीसीओडी, म्हणजे हॉर्मोनच्या गडबडीचा तो त्रास, असेल तर हनुवटीवर नवीन केस येत राहतात, हॉर्मोनचं बघितल्याशिवाय नुसत्या लेझरने भागत नाही. आणि "कायमचे जातील" असं कोणी छातीठोक सांगितलं तर दोनदा विचार करा, कमी होतात, बारीक होतात, मधूनमधून टचअप लागतो. क्वचित चेहऱ्यावरचे केस कमी व्हायच्या ऐवजी वाढतात पण, ते आधीच विचारून घ्या.

नंबिंग क्रीम (कातडी बधिर करणारं) घरून थापून, वर प्लास्टिक गुंडाळून अजिबात जाऊ नका, ते अंगात जास्त भिनलं तर जिवावर बेततं. हनुवटीला त्याची गरजही पडत नाही, रबरबँड फट्कन मारल्यासारखं वाटतं आणि जरासा करपल्याचा वास येतो, बस.

त्या दिवशी मेकअप नको, चेहरा कोरा. गॉगल देतील तो घाला. तीळ असेल तर दाखवा, झाकतात.

नंतर एखादा दिवस लालसर राहतं, बारीक पुरळासारखं दिसतं, कापडात गुंडाळून बर्फ. दोन दिवस वाफ, जिम, कढत पाणी, स्क्रब बंद. फोड आला तर फोडू नका, डॉक्टरांना फोन. एक ते तीन आठवड्यांत केस वर आल्यासारखे दिसतात, ते वाढत नाहीयेत, गळतायत. ओढू नका. आणि मधे पार्लरला गेलात तर बसायच्या आधीच, डोळे उघडे असताना सांगा, ताई फक्त भुवया.