परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन वाजता टक्क जाग असेल तर

विद्यापीठाच्या परीक्षा आल्या की झोप उडणे आणि मन खचणे या दोन गोष्टी जोडीने येतात. अभियांत्रिकीची आठही सत्रे मी लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत राहून दिली, आणि गेली कित्येक वर्षे संध्याकाळी एका अभ्यासिकेत मुलांसोबत बसतो. एप्रिल-मे असो की ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेच तारवटलेले डोळे आणि घरून मिळालेले तेच सल्ले समोर येतात. त्यांतला ‘डोळे मिटून पडून राहा, येईल आपोआप झोप’ हा सल्ला सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यासाठी ठेवला आहे. वेळापत्रक, हॉल तिकीट, नोट्स हे सगळे जागेवर आहे असे धरून चालतो.

उठण्याची वेळ बांधून घ्यावी

सुरुवात रात्रीपासून करू नये, सकाळपासून करावी. झोप कधी लागेल हे आपल्या हातात नसते, कधी उठायचे हे असते. पेपर साडेदहाचा असो वा अडीचचा, रात्र कितीही वाईट गेलेली असो, रोज एकाच वेळी उठावे, समजा साडेसहाला. उठल्यावर अर्धा तास गच्चीवर किंवा गॅलरीत काढावा, कारण दिवस सुरू झाला हे शरीरातल्या घड्याळाला डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून कळते. घरातल्या ट्यूबलाइटने हे काम होत नाही. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड तिच्या कित्येक पट असतो.

चहा, डुलकी, गोळ्या

दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद ठेवावी, कारण पोटात गेलेले कॅफिन पाच-सहा तासांनंतरही निम्मे अंगात असते. डुलकी घ्यायचीच असेल तर ती तीनच्या आत आणि वीस मिनिटांची असावी. जागे राहण्याच्या गोळ्या मित्राकडून आणि झोपेच्या गोळ्या आजीच्या डब्यातून घेऊ नयेत. त्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच घ्याव्यात.

रात्री जाग आली तर अंथरुणातून उठावे

इथे मी स्वतः अडकलो होतो. तिसऱ्या सत्रात गणिताच्या पेपरआधी सलग नऊ रात्री मी अकराला गादीवर पडायचो आणि पहाटे पाचपर्यंत कूस बदलत राहायचो. खोलीत टेबल नव्हते, त्यामुळे अभ्यासही त्याच गादीवर भिंतीला टेकून व्हायचा, जेवणानंतरची उजळणीही तिथेच आणि मोबाइलही उशाशीच. करी रोडवरून शेवटची लोकल गेली की पुढचे तीन-चार तास शांततेत फक्त पंख्याची घरघर ऐकू यायची, आणि पहाटे चारनंतर पहिल्या लोकलचा आवाज आला की ‘आजचीही रात्र गेली’ या विचाराने पोटात गोळा यायचा. दहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला डोळा लागला. आईने कीव येऊन उठवले नाही. जागा झालो तेव्हा दहाला दहा कमी होती आणि पेपर साडेदहाचा होता. त्या विषयात केटी लागली, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा राहिला, आणि ती सोडवायला पुढची दोन सत्रे गेली.

चूक कुठे होत होती हे मला फार उशिरा कळले. अंथरुणात जागे राहण्याचे जितके तास वाढतात, तितके मेंदू ‘गादी म्हणजे जागरण आणि काळजी’ असे शिकत जातो. मग दिवसभर पेंगणारा माणूस गादीवर पाठ टेकताच टक्क जागा होतो. रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर एक साधी पद्धत मांडली आणि निद्रानाशाच्या उपचारांत ती आजही वापरली जाते. झोप आली असेल तरच पडावे, झोप लागत नसेल तर अंथरूण सोडून दुसरीकडे बसावे, डोळे जड झाले की परत यावे, आणि असे रात्रीतून जितक्या वेळा करावे लागेल तितक्या वेळा करावे.

‘दुसऱ्या खोलीत जाऊन बसा’ हे वाक्य वाचून मुंबईतला निम्मा वाचक इथेच थांबतो, कारण दुसरी खोलीच नसते. दहा बाय बाराच्या जागेत पाच माणसे झोपलेली असतात आणि दिवा लावला तर सगळे उठतात. म्हणून बसायची जागा संध्याकाळीच ठरवून ठेवावी. मी उंबऱ्याबाहेर गॅलरीत, पाण्याच्या पिंपाशेजारी एक पाट टाकून ठेवायचो. आतला दिवा न लावता, जिन्यातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात दोरीवरचे वाळलेले कपडे मांडीवर घेऊन घड्या घालायचो. बाबांच्या शर्टाच्या बाह्या मागे दुमडायच्या, कॉलरवरून तळवा फिरवायचा, घडी बाजूला ठेवायची आणि पुढचा शर्ट घ्यायचा. कपडे संपले तर एखादा जुना दिवाळी अंक असायचा, आधी वाचून झालेला, ज्यात पुढे काय होते याची उत्सुकता उरलेली नसायची. ब्लॉकमध्ये राहणाऱ्याने स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसावे. वसतिगृहात असाल तर पॅसेजच्या टोकाला खुर्ची ठेवावी. तेही जमत नसेल तर गादीची एक बाजू गुंडाळून फरशीवर सतरंजी घालावी आणि तिच्यावर बसावे. गादीवरून उतरणे महत्त्वाचे आहे, किती लांब गेलात हे तितके महत्त्वाचे नाही.

यात माणसे हमखास कुठे चुकतात ते सांगतो. घड्याळ पाहू नये, ते भिंतीकडे वळवून ठेवावे. वीस मिनिटे झाली असावीत असा अंदाज पुरतो. ‘जागाच आहे तर एक प्रकरण उरकतो’ असे म्हणून पुस्तक उघडू नये, कारण मग मेंदूला रात्री दोनची शिफ्ट मिळते आणि तो दुसऱ्या रात्री त्याच वेळी हजर होतो. मोबाइल गजर लावून दुसऱ्याच्या उशाशी ठेवावा. पाटावर बसल्या बसल्या झोपू नये, मान कलंडली की उठून गादीवर जावे. आणि कितीही कमी झोप मिळाली तरी सकाळी साडेसहाला उठावे. घरच्यांना हे दिवसाउजेडी, नीट समजावून सांगून ठेवावे की कीव आली तरी उठवायचे आहे. माझ्या आईने मला उठवले नाही ते प्रेमापोटीच.

पहिल्या तीन-चार रात्री आधीपेक्षा वाईट जातात, आणि बहुतेक जण तिथेच हे सोडून देतात. सोडू नये. जमल्यास पहिल्या पेपरच्या दहा-बारा दिवस आधी सुरू करावे. परीक्षा सुरू झाली असेल तरी त्याच रात्रीपासून करावे. झोप नीट न झालेल्या रात्रीनंतरही पेपर लिहिता येतो, हे मी पुढच्या पाच सत्रांत अनेकदा अनुभवले. ज्यांना फिट येण्याचा आजार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेच्या वेळांशी खेळू नये, कारण अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते.

पेपरच्या आदल्या रात्री

झोपावे. दिवसा वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो, म्हणून रात्रभर जागून वाचणारा आपल्याच अभ्यासावर पाणी सोडतो.

मन खचले असेल तर

मूड सुधारल्यावर उठू, जेवू, बोलू असे ठरवले तर तो दिवस उजाडत नाही. आधी उठावे, मन मागून येते. अंघोळ वेळेवर करावी, रोज एक जेवण कुणासोबत तरी बसून घ्यावे, आणि अंधार पडण्याआधी वीस मिनिटे चालून यावे. पेपर सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर घोळक्यात उभे राहून उत्तरे जुळवू नयेत. तेवढ्यासाठी एक गाडी सोडावी लागली तर सोडावी.

रात्री येणारे विचार खरे मानून कोणताही निर्णय घेऊ नये. ‘हे वर्ष सोडून देतो’, ‘मी या कोर्सच्या लायकीचा नाही’ असे वाटले तर पाटाशेजारी ठेवलेल्या वहीत एका ओळीत लिहावे आणि सकाळी दहानंतर, नाश्ता झाल्यावर, ती ओळ कुणाला तरी वाचून दाखवावी. अभ्यासिकेतल्या मुलांनी अशा वह्या मला दाखवल्या आहेत, आणि सकाळी ती ओळ मोठ्याने वाचताना बहुतेकांचा आवाज बदलतो.

पण दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहत असेल, कशातच रस उरला नसेल, भूक गेली असेल, तर हा परीक्षेचा ताण आहे असे म्हणून थांबू नये. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचा विचार मनात आला तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी हलवून उठवावे, एकटे राहू नये, आणि फोन करावा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तिथला खर्च विद्यार्थ्याला झेपण्यासारखा असतो. केसपेपरसाठी रांग लागते, म्हणून पेपर नसलेल्या दिवशी सकाळी लवकर जावे. सोबत गेल्या दोन आठवड्यांत रोज कधी झोप लागली, कधी जाग आली आणि चहा किती वेळा घेतला याची नोंद न्यावी. डॉक्टर आधी हेच विचारतात, आणि दारात बसून आठवायला गेले तर नेमके आठवत नाही.