घरातली बुरशी काढताना: आधी ओल शोधा, मग फडकं घ्या

भिंतीवर काळे-हिरवे डाग दिसले की पहिला मोह होतो तो कोरड्या ब्रशने खरवडून टाकायचा. तो आवरा. कोरडी बुरशी घासली की तिचे बीजाणू खोलीभर उडतात आणि तेच श्वासावाटे आत जातात. शिंका, वाहतं नाक, डोळे चुरचुरणं, खोकला हा नेहमीचा त्रास. दमा असलेल्याला त्यातून झटकाही येऊ शकतो. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झाली आहे, त्यांना फुप्फुसात बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका असतो. अशा माणसांनी, दम्याच्या रुग्णांनी आणि लहान मुलांनी काम चालू असताना त्या खोलीत थांबूच नये. डाग काळा आहे म्हणजे विषारी आणि पांढरा आहे म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र नसतं. रंग कोणताही असो, बुरशी काढायचीच.

पण आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. डागाजवळची भिंत पुसून कोरडी करा, तिथे फूटभर लांबी-रुंदीचा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमले तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर धरते आहे: एक्झॉस्ट फॅन लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आतली बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतूनच येतंय. पाइप, गच्ची, बाहेरच्या भेगा तपासा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्के राहायला हवी. ती मोजायला साधा हायग्रोमीटर पुरतो.

डाग साधारण एक चौरस मीटरच्या आत असेल तर काम घरी होतं. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि बाजूला भोकं नसलेला गॉगल घाला. दार बंद, खिडकी उघडी आणि पंखा बंद ठेवा. डागावर पाणी हलकेच फवारून तो ओला करा, मग डिटर्जंटच्या पाण्याने घासा, स्वच्छ फडक्याने पुसा आणि जागा पूर्ण वाळू द्या. फडकी पिशवीत बांधून टाकून द्या. ब्लीचची सहसा गरज पडत नाही; वापरलंच तर अॅसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. शिवाय ब्लीचने मेलेली बुरशीही अॅलर्जी देतेच, म्हणून ती पुसून काढावीच लागते.

काच, फरशी, धातू धुऊन निघतात. गादी, गालिचा, जिप्सम बोर्ड यांच्या आत बुरशी शिरलेली असते. ते टाकून द्यावे लागतात. डागावर थेट रंग मारणं तर पैसे वाया घालवणं आहे, कारण थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात.

डाग मोठा असेल, सांडपाणी शिरलं असेल किंवा बुरशी एसीच्या डक्टमध्ये असेल, तर व्यावसायिकच बोलवा. ते काम नीट करतात की नाही, हे ओळखता येतं. खोली जाड प्लॅस्टिकने सीलबंद व्हायला हवी. हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) लावलेलं यंत्र आतली हवा बाहेर ओढून आत ऋण दाब, म्हणजे बाहेरपेक्षा कमी दाब ठेवतं; त्यामुळे बीजाणू बाकीच्या घरात पसरत नाहीत. काढलेला माल पिशवीत बांधूनच बाहेर नेला पाहिजे आणि शेवटी सगळे पृष्ठभाग हेपा व्हॅक्यूमने साफ झाले पाहिजेत. नुसती औषधफवारणी करून देतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका. तपासणी करणारा आणि काढणारा एकच असेल तर बुरशी वाढवून सांगण्यात त्याचा फायदा असतो, म्हणून जमल्यास दोन वेगळी माणसं नेमा.

भिंत पुन्हा बंद करण्याआधी मॉइश्चर मीटर, म्हणजे भिंतीतली ओल मोजणारं यंत्र, लावून घ्या. दुरुस्त केलेल्या जागेचं माप घरातल्या तशाच कोरड्या भिंतीच्या मापाशी जुळेपर्यंत गिलावा किंवा रंग करू देऊ नका.