निवाडा करायची वेळ आली तर आधी हे वाचा: खोट्या न्यायाचा देवाला वीट येतो

बायबलमधलं नीतिसूत्रे 17:15 काढा. छोटंसं वचन आहे, पटकन पुढे निघून जातो आपण. दोषी माणसाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमान माणसाला दोषी ठरवणारा, या दोघांचाही परमेश्वराला वीट येतो असं तिथे म्हटलंय. मूळ हिब्रूत 'तोएबा' शब्द आहे आणि तो काही साधा नाराजीचा शब्द नाहीये, मूर्तींच्या बाबतीत 'अनुवाद' या बायबलमधल्या पुस्तकात हाच शब्द येतो आणि नीतिसूत्रे 11:1 मधे खोट्या तराजूसाठी पण हाच. म्हणजे मूर्तीसमोर वाकणं आणि मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) मीटिंगमधे एखाद्यावर चुकीचा ठपका ठेवून मोकळं होणं, या दोन्हीला देव एकाच शब्दात बोलतोय. पहिल्या गोष्टीला आपण जितके घाबरतो त्याच्या पाव हिश्श्याने तरी दुसऱ्या गोष्टीला घाबरतो का?

आणि वचनात 'दोघांचाही' आहे बरं का, ते विसरू नका, त्यावर खाली परत येतो.

आता तुम्ही म्हणाल मी कुठे जज्ज आहे, मला काय करायचंय. अहो पण रोजच करता की! कोणी फोन करून सांगतं "तुम्हाला कळलं का त्या ब्रदरचं", आणि तुम्ही "अरे बापरे, वाटलंच होतं मला" म्हणता, झाला निवाडा. कमिटीत हात वर करता, घरात दोन पोरांच्या भांडणात एकालाच ओरडता, ग्रुपवर आलेला मेसेज पुढे ढकलता, हे सगळे निवाडेच. काही जण लगेच मत्तय 7:1 पुढे करतात, "न्याय करू नका". पण तोच उतारा पाचव्या वचनापर्यंत वाचा ना, आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल असं आहे तिथे. कुसळ काढायचंच आहे, फक्त नीट दिसेल अशा डोळ्याने. आणि योहान 7:24 मधे तर येशू सरळ सांगतो की वरवर बघून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा. 'करा' म्हणतोय तो.

तर करायचा कसा.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे तोंड बंद ठेवणं. नीतिसूत्रे 18:13 मधे ऐकून घ्यायच्या आधी उत्तर देणाऱ्याला मूर्ख म्हटलंय आणि चारच वचनं पुढे, 18:17 मधे, असंय की फिर्याद आधी मांडणारा बरोबरच वाटतो, मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो. पहिला नेहमीच खरा वाटतो, ही माणसाच्या मनाची खोड आहे, तुम्ही कितीही आत्मिक असा. माझंच सांगतो. आमच्या तरुणांच्या ग्रुपमधल्या एकाबद्दल मला एक स्क्रीनशॉट आला, त्यात तो पैशाबद्दल काहीतरी वाकडं बोलतोय असं दिसत होतं, आणि मी दोन जणांना फोन करून "याला जबाबदारी देऊ नका" असं सांगून मोकळा. नंतर कळलं की स्क्रीनशॉट अर्धा कापलेला होता, वरचे तीन मेसेज उडवलेले, आणि ते वाचले की अर्थ पूर्ण उलटा होत होता. त्याला एक फोन केला असता तर पाच मिनिटात कळलं असतं. केला नाही. कारण मला वाटलं पुरावा तर डोळ्यासमोर आहे, अजून काय पाहिजे.

दाविदाचं पण हेच झालं, आणि तो तर राजा होता. 2 शमुवेल 16 वाचा. स्वतःचाच मुलगा अबशालोम याच्या बंडामुळे दावीद यरुशलेम सोडून पळतोय, दमलाय, खचलाय, आणि तेवढ्यात मफीबोशेथाचा चाकर सीबा येतो, दोन गाढवं, दोनशे भाकरी, मनुका, द्राक्षारस असं सगळं घेऊन. तुझा धनी कुठाय असं विचारल्यावर सांगतो की मफीबोशेथ यरुशलेमातच बसलाय, म्हणतोय आता राज्य मला मिळणार. मफीबोशेथ म्हणजे दाविदाचा मित्र योनाथान याचा मुलगा, आधीच्या शौल राजाचा नातू, दोन्ही पायांनी लंगडा, दाविदाच्याच पंगतीला जेवणारा. दाविदाने जागच्या जागी निकाल दिला, त्याचं सगळं आता तुझं. एकच बाजू ऐकून! पुढे 19 व्या अध्यायात मफीबोशेथ समोर येतो, राजा गेला त्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखलेली नाही, दाढी नीट केलेली नाही, कपडे धुतलेले नाहीत. तो सांगतो की गाढवावर खोगीर घालून मी येणारच होतो पण चाकराने मला फसवलं. आणि दावीद काय करतो, जमीन दोघांत वाटून घ्या म्हणतो. मला तर हे वाचताना दरवेळी राग येतो. अर्धी अर्धी? एक जण खोटं बोलतोय ना, मग पन्नास-पन्नास हा न्याय कसा? पण आपल्याकडे होतं की असंच, दोघांनाही थोडं थोडं रागावून विषय मिटवला म्हणजे समतोल साधला असं वाटतं आपल्याला.

या दोन गोष्टींतून मी स्वतःला तीन प्रश्न लावून घेतलेत. सांगणाऱ्याने हे स्वतः बघितलं की कोणाकडून ऐकलं? याच्यात सांगणाऱ्याचा काही फायदा आहे का (सीबाला जमीन मिळणार होती, विसरू नका)? आणि ज्याच्याबद्दल चाललंय तो माणूस आत्ता इथे का नाहीये? तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर मी तिथेच थांबतो, त्याच्यासमोर बोलू म्हणतो. अर्ध्या तक्रारी तिथेच विरतात, खरंच. निकदेमाने परूश्यांना (येशूच्या विरोधातल्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना) येशूबद्दल हाच प्रश्न टाकला होता, योहान 7:51, माणसाचं आधी ऐकल्याशिवाय आणि तो काय करतो ते कळल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का? त्याला उत्तर मिळालं नाही, टोमणा मिळाला, तू पण (येशूसारखा) गालीलचाच की काय. तुम्हालाही मिळेल, तयारी ठेवा.

आणि उत्पत्ती 18:21 बघा. सदोम शहराच्या पापाची ओरड वर पोचलीये, देवाला सगळं माहितीच आहे, तरी तो म्हणतो मी खाली जाऊन बघतो, माझ्याकडे आलेल्या ओरडीप्रमाणेच त्यांनी केलंय का ते. एदेनात पण शिक्षेच्या आधी आदामाला प्रश्न विचारले, हव्वेला विचारले. सर्वज्ञ देव चौकशी करतो आणि आपण एका फॉरवर्डवर निकाल देतो!

पुढची गोष्ट म्हणजे तोंड बघून न्याय. मराठीत आपण म्हणतो तसंच हिब्रूत पण 'तोंड' हाच शब्द आहे. लेवीय 19:15 मधे दोन्ही बाजूंनी बांधून टाकलंय, गरिबाची बाजू घ्यायची नाही आणि बड्याची भीड धरायची नाही. गरीब आहे म्हणून त्याचंच खरं, असंही नाही. निर्गम 23:3 मधे परत तेच, आणि तीनच वचनं पुढे गरिबाचा न्याय बिघडवू नका असंही आहे. पण प्रॅक्टिकली बोलायचं तर कल कुठे असतो हे सगळ्यांना माहितीये. जो जास्त दान देतो, ज्याचा आवाज मोठा, जो पाळकांच्या घरी जाऊन येऊन असतो, त्याचं ऐकलं जातं, आणि विधवा बाई, अनाथ पोरगं, बाहेरून आलेला नवीन माणूस, यांना "बघू नंतर" होतं. अनुवाद 27:19 मधे शाप आहे तो नेमका या तिघांचा न्याय बिघडवणाऱ्यावर. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला "तू तिथे उभा राहा" हे लिहिलंय, आणि ते मंडळीलाच लिहिलंय, बाहेरच्या लोकांना नाही. मी यासाठी एक करतो, नावं बदलून बघतो. हीच तक्रार माझ्या भावाबद्दल आली असती तर मी काय म्हटलं असतं? आणि मला न आवडणाऱ्या त्या माणसाबद्दल आली असती तर? दोन्ही उत्तरं वेगळी येत असतील तर मी अजून निवाडा करायच्या लायक नाहीये.

लाच म्हटली की पाकीट डोळ्यासमोर येतं. पण अनुवाद 16:19 सांगतं की लाच शहाण्याचेही डोळे आंधळे करते, आणि डोळे आंधळे करायला पैसाच लागतो असं नाही, पद जाईल ही भीती पुरते, "आपलेच लोक आहेत" हे पुरतं.

आता साक्षीदार. अनुवाद 19:15 प्रमाणे दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हायला पाहिजे, एकावर नाही. चांगला नियम आहे, निरपराध माणसाचं रक्षण करतो, आणि पुढे असंय की खोटी साक्ष देणाऱ्याने दुसऱ्याचं जे वाईट करायचं ठरवलं होतं तेच त्याचं करा. पण दोन साक्षीदार मिळाले म्हणजे न्याय झाला असं समजू नका. 1 राजे 21 मधे, अहाब राजाला ज्याचा द्राक्षमळा हवा होता त्या नाबोथाच्या बाबतीत सगळं नियमात होतं, वडीलजन होते, उपास जाहीर केला होता, दोन साक्षीदार होते, राजाच्या मोहरेची पत्रं होती. पेपरवर्क एकदम पूर्ण! आणि तो खून होता, द्राक्षमळ्यासाठी. अहाबाची राणी ईजबेल हिने नियम मोडला नाही, नियमच हत्यार म्हणून वापरला. अनुवाद 13:14 मधे म्हणून शोध करा, चौकशी करा, कसून विचारपूस करा असं एकाच वचनात लागोपाठ सांगितलंय.

आणि उलटही होतं. बंद दाराआड काही अत्याचार झाला आणि मुलीने तोंड उघडलं की लगेच कोणीतरी "दुसरा साक्षीदार कुठाय" विचारतं. त्यांना अनुवाद 22:25-27 वाचून दाखवा. शेतात मुलीवर जबरदस्ती झाली, ती ओरडली पण वाचवायला कोणी नव्हतं, म्हणजे साक्षीदार नव्हताच, तरी तिला काही करू नका, तिचा दोष नाही असं तिथे स्पष्ट आहे. असल्या गोष्टी कमिटीत मिटवायच्या नसतात, पोलिसात जायचं. रोम 13:4 प्रमाणे वाईट करणाऱ्याला शिक्षा करायला अधिकारी देवानेच नेमलेत. 1 करिंथ 6 मधे पौल भावाभावांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये म्हणतो ते क्षुल्लक वादांबद्दल आहे, गुन्हा झाकायचं लायसन्स नाहीये ते.

इथेच ते 'दोघांचाही' परत येतं. विश्वासणारे सहसा कोणाला उगाच दोषी ठरवायला घाबरतात तरी, पण दोषीला सोडून द्यायला अजिबात घाबरत नाहीत, उलट ते प्रेम वाटतं. "जाऊ द्या, माफ करून टाका, प्रभूने पण माफ केलं ना." हे ज्याला लागलंय त्याला सांगितलं जातं, ज्याने लावलंय त्याला कोणी काही विचारत नाही. 1 तीमथ्य 5:19 सगळ्यांना पाठ, मंडळीच्या वडिलांवरचा (म्हणजे पुढाऱ्यावरचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको. आणि 20 वं वचन? पाप करत राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दे म्हणजे इतरांनाही भय वाटेल. ते कोणी वाचतच नाही. क्षमा ही ज्याच्यावर अन्याय झाला त्याने द्यायची गोष्ट आहे, तिसऱ्याने त्याच्या वतीने वाटायची नाही.

मग कोणी हुशार माणूस विचारतो, देव स्वतः अभक्ताला नीतिमान ठरवतो असं रोम 4:5 मधे आहे, मग नीतिसूत्रे 17:15 चं काय? प्रश्न चांगलाय, त्यावर बसून विचार करण्यासारखा आहे. उत्तर रोम 3:25-26 मधे आहे, देवाने पापाकडे कानाडोळा केला नाही, ख्रिस्ताच्या रक्ताने त्याची किंमत चुकवली, अशासाठी की तो स्वतः न्यायी असावा आणि विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही असावा. म्हणजे पापीही सुटला आणि पापाला पाप म्हणणंही सुटलं नाही. आपण मात्र पापाचं नावच न घेता माणूस सोडतो आणि त्याला कृपा म्हणतो. आणि येशूला ज्या निवाड्यात मरणाच्या हवाली केलं तिथे रोमी सुभेदार पिलाताला माहीत होतं की याच्यात दोष नाही, तरी गर्दीला घाबरून त्याने बरब्बा या दोषी कैद्याला सोडलं, येशूला दिलं आणि हात धुतले. 17:15 मधली दोन्ही पापं एकाच सकाळी. तटस्थ राहणाऱ्यांनी ते भांडं जरा आठवावं.

तुमच्यावरच चुकीचा निवाडा झाला असेल तर गप्प बसणं म्हणजेच आत्मिकपणा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. येशूने स्वतःला यथार्थ न्याय करणाऱ्याच्या हाती सोपवलं हे 1 पेत्र 2:23 मधे खरंय, सूड घ्यायचा नाही. पण पौलाला फिलिप्पै शहरात चौकशी न करता फटके मारून नंतर गुपचूप सोडायला लागले तेव्हा तो म्हणाला, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. प्रेषित 16:37. शांतपणे, पण उघडपणे.

आणि तुम्हीच चुकीचा निवाडा केला असेल तर जिथे बोललात तिथेच परत घ्या. चार जणांत बोलला असाल तर चौघांसमोर, ग्रुपवर टाकलं असेल तर ग्रुपवर, कानात सॉरी म्हणून चालत नाही कारण बदनामी कानात झालेली नसते. मी त्या दोघांना फोन केला, कापलेल्या स्क्रीनशॉटचं सांगितलं, चूक माझी होती म्हटलं, मग त्या मुलाला भेटायला गेलो. त्याने ऐकून घेतलं, ठीक आहे म्हणाला. जबाबदारी तोवर दुसऱ्याला देऊन झाली होती.