मेळघाटात जाणार असाल तर रजिस्टर उघडण्याआधी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करून किंवा फेलोशिप मिळवून अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात निघाला असाल, तर धारणी-चिखलदरा हे तालुके, कोरकू आदिवासी, सॅम-मॅम म्हणजे मुलांचं तीव्र आणि मध्यम कुपोषण, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. 'सुटा प्रश्न बघू नका, सगळी व्यवस्था बघा' हेही वर्गात घोटवून झालं असेल. माझंही झालं होतं. तरी पहिल्याच वर्षी तोंडावर पडलो. तो जानेवारी आठवला की अजून कान गरम होतात.

सप्टेंबरात माझ्याकडच्या एका गावात सॅमची ११ मुलं होती. दंडाचा घेर मोजायची पट्टी मी स्वतः लावली होती. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल. ग्राम बाल विकास केंद्र सुरू झालं, महिनाभर जादा आहार, औषधं, वजनं. जानेवारीत रजिस्टरला ४ मुलं. मी खाली उतरणारी रेघ काढली, बैठकीत दाखवली, शाबासकी घेतली. गावात परतल्यावर अंगणवाडीच्या ताईंना कौतुकानं सांगायला गेलो, तर त्या चूल फुंकता फुंकता म्हणाल्या, "सर, ते घरं तर दिवाळीनंतरच गेले ना कामाले."

कमी झालेल्या सातांपैकी पाच मुलं आईबापांबरोबर खाली मैदानी भागात गेली होती. कुणी वीटभट्टीवर, कुणी कापूस वेचायला. होळीला कोरकू माणूस कुठूनही गावी येतोच, तशी तीही आली. पट्टी लावली. पाचातली चार लाल, आणि एकाची धाकटी बहीण नव्याने लाल.

इथे जरा रेंगाळतो, कंटाळा आला तरी वाचा. रजिस्टरातला आकडा म्हणजे रांजणातलं पाणी. पातळी खाली गेली एवढंच तो सांगतो. पाणी प्यायलं गेलं की झिरपलं, हे नाही. सॅमच्या यादीतून मूल चार वाटांनी बाहेर पडतं: बरं होऊन, पाच वर्षं पूर्ण करून, गाव सोडून, नाहीतर दगावून. आत यायच्याही वाटा असतात: मॅममधून घसरून, किंवा होळीला परतून. या सगळ्यांची मिळून एकच बेरीज केली, की दगावलेलं मूलसुद्धा सुधारणेत मोजलं जातं. हो, इतकं वाईट आहे ते. प्रत्येक वाटेचा वेगळा रकाना आखा, साध्या वहीत आखा. स्थलांतरितांचा माग ठेवणारं ॲप आहे, पण वही सोडू नका.

दुसरी चूक त्यातूनच आली. मी कुपोषणाच्या कारणांचा जो नकाशा काढला होता, तो गावाच्या वेशीवर संपत होता. मधोमध भुमका, म्हणजे गावचा पारंपरिक वैदू, भोवती अंधश्रद्धा. असा नकाशा तुम्हीही काढाल, तेव्हा तो फाडा. रात्री दोनला मूल तापलं आणि गाडी नसली की जागा असतो तो भुमकाच. १९९३ च्या बालमृत्यूंच्या बातम्यांपासून इथे योजनांचा तुटवडा नाही. गरोदर आणि स्तनदा बायांना जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, पण ते जेवण गावात शिजतं आणि गरोदर बाई भट्टीवर असते. तिथे ती का जाते? रोजगार हमीची मजुरी कायद्यानं १५ दिवसांत मिळायला हवी. ती रखडते, किराणावाल्याची उधारी वाढते, दिवाळीला मुकादम उचल घेऊन दारात येतो. एकदा उचल घेतली की हिशेब फिटेपर्यंत सुटका नाही.

दुसरं वर्ष मी बरंचसं मस्टरच्या, म्हणजे रोजगार हमीच्या हजेरीपटाच्या, मागे घालवलं. हजेरी कुठे अडली, खातं का बंद पडलं, बँकेत कोण भेटतं. फोटो काढण्याजोगं यात काहीच नसतं. काही घरं थांबली, काही तरीही गेली.

आणि मार्गदर्शकांबद्दल, माझं ठाम मत: दोन दिवसांच्या कार्यशाळेत रंगीत चिठ्ठ्या चिकटवून सगळी व्यवस्था बदलणारी 'नेमकी कळ' दाबायला शिकवणाऱ्यांपासून लांब राहा. मला शिकवलं ते ताईंनी, तेही उशिरा, कारण मी विचारलंच नव्हतं. त्यांनी आपणहून का सांगितलं नाही? मासिक बैठकीत सॅमचा आकडा वाढला की त्यांनाच बोलणी बसतात. मग पुढच्या महिन्यात दंडाला पट्टी जराशी सैल लागते. कमी आकड्याला शाबासकी देऊन मीही तेच करत होतो. माझ्या नकाशात माझं नाव कुठेच नव्हतं.

घाबरू नका. पहिले सहा महिने काहीच कळत नाही, सगळ्यांचं तसंच होतं, आणि चुकलेला तक्ता दुरुस्त करता येतो. मी तो त्याच बैठकीत परत मांडला. खोलीत कुणी काही बोललं नाही, एका साहेबांनी मोबाइल काढला. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "मग लाल पोरगं लाल लिहू ना आता?"