रिलीजची तारीख आधी, फीचरची यादी नंतर

"हे एक फीचर झालं की रिलीज काढू" असं ज्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमधे म्हणतात तिथे रिलीज निघतच नाही, कारण ते होईपर्यंत अजून कोणीतरी अर्धवट काहीतरी मर्ज करून (मुख्य कोडमधे मिसळून) ठेवतं आणि मग त्याच्यासाठी थांबा. आपल्या इंदूरच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघा ना, अनंत चतुर्दशीला निघायच्या म्हणजे निघायच्या, जो देखावा तयार नाही तो राहिला. रिलीजचंही तेच, तारीख पक्की आणि कच्चं फीचर पुढच्या खेपेला.

उबंटू ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम २००४ पासून अशीच चालते, रिलीज एप्रिल आणि ऑक्टोबर, नंबरातच वर्ष-महिना, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. २००६ ला एप्रिलचं रिलीज जूनवर गेलं तर नंबरही ६.०६ करावा लागला.

आता किती दिवसांनी काढायचं? रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा, तिचं रिलीज दर सहा आठवड्यांनी येतं, ते बघून भारावून जाऊ नका, त्यांच्याकडे माणसं आहेत. तुम्ही तीन-चार जण, नोकरी सांभाळून संध्याकाळी बसणारे, तर सहा महिने बरे. पायथनसारखं वर्षातून एकदा पण चालतं, पण मग "आत्ता घुसवलं नाही तर वर्ष गेलं" म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळे तुटून पडतात.

महिना निवडताना दोन कॅलेंडरं समोर ठेवा. एक आपलं: गणपती, दिवाळी, रंगपंचमीची गेर, कॉलेजच्या पोरांच्या परीक्षा, या दिवसांत कोणी बग बघणार नाही, उगाच आशा धरू नका. दुसरं डिस्ट्रोचं, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर आपल्यासोबत देणाऱ्या उबंटूसारख्या सिस्टिमचं: उबंटूचा फीचर फ्रीझ (यापुढे नवीन फीचर बंद) साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या मध्यावर लागतो, त्याच्यानंतर तुमचं नवीन व्हर्जन सहसा आत घेत नाहीत. म्हणून मला जानेवारी आणि जुलैचा शेवट आवडतो, डिस्ट्रोसाठी पॅकेज बांधणाऱ्यांच्या हातात थोडे दिवस राहतात आणि गणपतीही पुढेच असतात. वार मंगळवार किंवा बुधवार. शुक्रवारी रात्री टॅग मारला, म्हणजे रिलीज काढलं, की शनिवारी सकाळी पोहे-जिलेबीच्या ऐवजी बग रिपोर्ट.

मग तारखेपासून उलटं मोजत या. चार आठवडे आधी फीचर फ्रीझ, दोन आठवडे आधी स्ट्रिंग फ्रीझ, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बदलायचा नाही, नाहीतर मराठी-हिंदी भाषांतर करणारे बिचारे रिलीजच्या आदल्या रात्रीपर्यंत पळत राहतात. फीचर फ्रीझच्या दिवशीच रिलीजची वेगळी ब्रांच (कोडची स्वतंत्र शाखा) काढा, हे मी अगदी जोर देऊन सांगतोय, कारण मेन ब्रांच बंद ठेवली की लोक काम करणं सोडून देतात, आणि उघडी ठेवून तिथूनच रिलीज केलं तर फ्रीझला अर्थ नाही. दुरुस्ती आधी मेनमधे आणि तिथून चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच बदल उचलून, रिलीज ब्रांचमधे. लिनक्सच्या कर्नलमधे (सिस्टिमच्या गाभ्यात) पण नवीन गोष्टी फक्त दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोत घेतात, पुढे सात-आठ आरसी (रिलीज कॅन्डिडेट, म्हणजे रिलीजच्या आधीच्या चाचणी आवृत्त्या) निघेपर्यंत दुरुस्त्याच.

फ्रीझनंतर कोणीतरी येणारच, "भिया, छोटंसंच आहे, घेऊन टाक ना." नाही म्हणायचं काम एकाच माणसाकडे द्या, दर रिलीजला माणूस बदला. पण डेटा उडणं, इन्स्टॉलच न होणं, सिक्युरिटीचं भोक, एवढ्यासाठी तारीख पुढे न्या, एक आठवडा, आणि तसं लगेच जाहीर करा.

जुन्या व्हर्जनला किती दिवस सांभाळणार तेही पहिल्याच दिवशी लिहून टाका. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक मोठ्या व्हर्जनला पाच वर्षं देतो, छोट्या टीमने फक्त आत्ताचं आणि त्याच्या आधीचं एक सांभाळावं. सिक्युरिटीच्या पॅचला मात्र वेळापत्रक लावू नका, तयार झाला की त्याच दिवशी सोडा.