वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: काय टाकायचं, काय नाही, आणि चूक झालीच तर

अनोळखी हॅकरची भीती सगळेच घालतात. विद्यार्थ्यांची खरी फजिती मात्र वर्गाच्या ग्रुपवर होते, तीही ओळखीच्याच हातून. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ग्रुप उघडताना

अ‍ॅडमिन दोन ठेवा. एकाचा फोन परीक्षेच्या काळात घरच्यांनी काढून घेतला, तर दुसरा हाताशी हवा. सगळे आत येईपर्यंतच लिंक वापरा आणि नंतर ती रिसेट करा. जुनी लिंक कुणाच्या तरी स्टोरीत पडून राहते आणि महिन्याभराने शेअर मार्केटच्या टिप्स देणारा एखादा काका वर्गात येऊन बसतो. ग्रुपच्या परवानग्यांमध्ये नव्या सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल असं सेटिंग आहे, तेही चालू करा. परीक्षेच्या आदल्या रात्री 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग लावलं तर निम्म्या अफवा जागीच थांबतात.

दुसऱ्याने काही वाईट टाकलं तर अ‍ॅडमिनला पकडतात का? केवळ अ‍ॅडमिन आहे एवढ्यावरून सदस्याच्या पोस्टची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. त्याचा त्यात हात असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय अ‍ॅडमिनकडे असते. ती वापरा. "मला काय त्याचं" म्हणून बघत बसू नका.

हॉलतिकिटाचा फोटो

दहावी-बारावीची हॉलतिकिटं हातात पडली की स्टेटसवर फोटो झळकतात. त्यावर काय काय असतं ते एकदा नीट बघा: बैठक क्रमांक, पूर्ण नाव, आईचं नाव, केंद्र, फोटो. राज्य मंडळाचा निकाल ऑनलाइन बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव एवढंच लागतं. म्हणजे तुमचे गुण तुमच्याआधी अख्ख्या गल्लीला बघता येतात. केंद्र कुठलं आलं एवढंच सांगायचं असेल, तर केंद्राचं नाव टाइप करा. फोटो टाकायचाच असेल तर बैठक क्रमांक आणि आईचं नाव क्रॉप करून काढा. फोनमधल्या हायलायटरने रेघ मारून भागत नाही. ती पारदर्शक असते आणि ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे दिसतात.

कॉलेजचा फॉर्म भरताना आधार मागितलं, तर जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

फॉरवर्ड करण्याआधी

मेसेजवर दुहेरी बाण दिसला, तर तो मूळ माणसापासून निदान पाच हातांतून फिरून आलेला असतो. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो, ती मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने २०२० मध्ये आणली. 'परीक्षा पुढे ढकलली' असं पत्रक आलं तर मंडळाची वेबसाइट उघडा आणि तेच पत्रक तिथे आहे का ते बघा. जावक क्रमांक, तारीख, सही हे सगळं छान जुळवलेलं असतं. जुन्या पत्रकाची फक्त तारीख बदलायला पाच मिनिटं पुरतात.

'पेपर फुटला' म्हणून काही आलं तर खरं-खोटं करत बसू नका आणि उघडून पुढे तर अजिबात ढकलू नका. परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. "मी फक्त पुढे पाठवलं" हा काही बचाव नाही. मुख्याध्यापकांना किंवा वर्गशिक्षकांना दाखवा आणि ग्रुपवर त्याची चर्चाही करू नका.

दुसऱ्याचा फोटो

वर्गात झोपलेल्याचं स्टिकर बनवायला दहा सेकंद लागतात. ज्याचं बनवलं, त्याला ते फार दिवस चिकटतं. आधी विचारायचं, आणि तो नको म्हणाला की विषय तिथेच संपला. कुणाच्या नावाने खोटं खातं काढून मजा करणं कायद्याने भलतंच महागात पडतं: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली, संगणक किंवा फोन वापरून तोतयेगिरीने फसवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

अठरा वर्षांखालच्या कुणाचा अश्लील फोटो वा व्हिडिओ ग्रुपवर आला तर नियम अगदी वेगळा. पुरावा म्हणूनसुद्धा तो सेव्ह करू नका आणि कुणाला पाठवू नका. तसं साहित्य डाउनलोड करणं आणि पुढे पाठवणं कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ कागदावर लिहा आणि लगेच मोठ्या माणसाला सांगा.

चूक झालीच तर

क्रम महत्त्वाचा आहे. चूक तुमची असेल तर मेसेज दाबून धरा आणि 'सगळ्यांसाठी डिलीट' निवडा. साधारण अडीच दिवसांपर्यंत ते चालतं. घाईत बऱ्याच जणांचं बोट 'माझ्यासाठी डिलीट'वर पडतं. मग मेसेज तुम्हाला दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतो आणि तुम्हाला काढताही येत नाही. तेव्हा खाली 'अनडू' येतं, तेही पाचेक सेकंदच. ते पटकन दाबा. त्यानंतर ज्याचा फोटो वा नाव होतं, त्याला स्वतः जाऊन सांगा. ग्रुपवर जाहीर माफी मागितली की ज्यांनी बघितलं नव्हतं तेही शोधायला लागतात.

त्रास तुम्हाला होत असेल तर उलटं करा: आधी पुरावा, मग ब्लॉक. नंबर सेव्ह असेल तर चॅटच्या स्क्रीनशॉटमध्ये फक्त नाव येतं आणि 'पिंट्या' या नावावरून पोलिसांना काही कळत नाही. प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि वेळही त्यात येऊ द्या. चॅट एक्स्पोर्ट करून आई-बाबांच्या ईमेलवर ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा. तिथे मिनिटांना किंमत आहे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात. बाकी तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येतात आणि महिला-मुलांसंबंधीची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. घरी बोलायची सोय नसेल तर मुलांसाठी १०९८ आहे.

झेरॉक्सचं दुकान

प्रोजेक्टची प्रिंट काढायला दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं, तर पैसे देण्याआधी स्वतःच्या फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघा आणि तिथून लॉगआउट करा. ब्राउझरची खिडकी बंद केल्याने लॉगआउट होत नाही. डाउनलोड फोल्डरमध्ये तुमची मार्कशीट राहिलेली असते, ती दुकानदारासमोरच उडवायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिनही आजच लावून टाका, पण जन्मतारखेचा नको. ती सगळ्या वर्गाला पाठ असते.

दहावीनंतर पुष्कळ जण सिम बदलतात. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपमधलं 'चेंज नंबर' वापरा, म्हणजे ग्रुप नव्या नंबरवर येतात. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. अ‍ॅडमिनने जुलैत एकदा सदस्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचावी आणि ज्या नंबरमागचा चेहरा आठवत नाही, त्याला आधी फोन लावून बघावा.